एका यंत्राचे दोन पत्ते

चि. सईस,


तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो बघितला. डावीकडे शब्द, उजवीकडे व्याख्या: आयपी ॲड्रेस, मॅक ॲड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस, टीसीपी, यूडीपी. आणि सगळ्यांत खाली तुझा प्रश्न, ‘आत्या, एकाच कॉम्प्युटरला दोन पत्ते कशाला? एकाने भागत नाही का?’ बाकीचं पान पाठ केलंस तर परीक्षेपुरतं काम होईल, पण हा प्रश्न सोडू नकोस. त्याचं उत्तर नीट कळलं तर त्या पानावरचे अर्धे शब्द आपोआप जागेवर बसतील. दोन ओळींच्या मेसेजमध्ये ते मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बँकेच्या शाखा एकमेकींना जोडणाऱ्या लाइनी सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच येतील.

तुमच्या पुस्तकात पोस्टमन आणि पाकिटाची उपमा असेल. ती वाईट नाही, पण लवकर तोकडी पडते. त्यापेक्षा वायरवर खरोखर काय जातं तेच बघू.

१९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटचं काम सुरू केलं. एकच केबल आणि सगळी यंत्रं तिलाच जोडलेली. एकाने पाठवलेलं सगळ्यांपर्यंत पोचायचं, म्हणून प्रत्येक तुकड्यावर तो कुणासाठी आहे हे लिहिणं भाग होतं. या तुकड्याला फ्रेम म्हणतात. १९८० च्या मानकात हा पत्ता ४८ बिटांचा ठरला, तोच तुझा मॅक ॲड्रेस. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाइप केलंस की ‘फिजिकल ॲड्रेस’ या नावाखाली जोडीजोडीने बारा अक्षरं-आकडे दिसतील. त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून नेटवर्क कार्ड कुठल्या कंपनीने बनवलं ते कळतं. उरलेल्या तीन त्या कंपनीने त्या कार्डापुरत्या दिलेल्या. (हल्लीचे फोन मात्र मागावर कुणी राहू नये म्हणून प्रत्येक वाय-फायला वेगळाच मॅक दाखवतात. तुझ्या फोनचा आकडा कार्डाशी जुळला नाही तर गोंधळू नकोस.)

आता तुमच्या लॅबमध्ये स्विच आहे. स्विच आलेल्या प्रत्येक फ्रेमवर ‘कुणाकडून’ आली ते वाचतो आणि लक्षात ठेवतो की हा मॅक माझ्या सातव्या पोर्टवर आहे. पुढे त्या मॅकसाठी काही आलं की ते फक्त सातव्या पोर्टवर सोडतो. अनोळखी मॅक आला तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो आणि उत्तर कुठून येतं ते बघतो. त्याला कुणी काही शिकवावं लागत नाही. एका खोलीला, एका इमारतीला हे उत्तम चालतं.

मग सगळ्या जगाला का चालत नाही? कारण मॅक वाचून ते यंत्र कोणतं हे कळतं, ते कुठे आहे हे कळत नाही. एकाच कारखान्यातून एकामागोमाग निघालेल्या दोन कार्डांपैकी एक मिरजेत असेल, दुसरं ब्राझीलमध्ये. जगभरचा कारभार मॅकवर चालवायचा तर प्रत्येक स्विचला प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद ठेवावी लागेल. कोट्यवधी यंत्रं, त्यात रोज जागा बदलणारी. तेवढी स्मरणशक्ती कुठल्याही स्विचमध्ये नाही.

म्हणून दुसरा पत्ता लागतो, आणि तो जागेप्रमाणे द्यावा लागतो. आमच्या बँकेत पत्त्यांची आखणी अशी होती: पहिला आकडा १०, दुसरा जिल्ह्याचा, तिसरा शाखेचा, चौथा त्या शाखेतल्या यंत्राचा. फोनवर कुणी ‘१०.१४.७.२१ चालत नाही’ म्हणालं की जिल्हा आणि शाखा मला विचारावी लागत नसे. एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे मार्ग काढून देणाऱ्या राउटरलाही तेच. मुख्य कार्यालयातल्या राउटरला चौदाव्या जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रांसाठी एकच ओळ पुरायची: १०.१४ ने सुरू होणारं सगळं अमुक लाइनीवर टाक. पुढचं त्या जिल्ह्याचा राउटर बघून घेईल. शेकडो यंत्रांसाठी एक ओळ. आयपी ॲड्रेस दोन भागांत वाचायचा असतो तो याचसाठी. पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा त्यातल्या यंत्राचा, आणि हे दोन भाग कुठे तोडायचे ते सबनेट मास्क सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे नेटवर्कचे. तुम्हाला /२४ असं लिहायला शिकवलं असेल ते तेच. ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे. /२६ म्हटलं की मागे ६ बिट उरतात, म्हणजे ६४ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, यंत्रांना उरतात ६२. तुमची सबनेटिंगची गणितं एवढ्यावरच उभी आहेत.

आता दोन्ही पत्ते एकत्र काम करताना बघ. तू लॅबमध्ये बसून एखादी साइट उघडतेस. तुझा लॅपटॉप, समजा १९२.१६८.१.७, आधी मास्क लावून तपासतो की पलीकडचं यंत्र माझ्याच नेटवर्कमध्ये आहे का. नाही. मग पॅकेट, म्हणजे आयपी लिहिलेला माहितीचा तुकडा, डिफॉल्ट गेटवेकडे द्यायचं, म्हणजे राउटरकडे. राउटरचा आयपी माहीत आहे, १९२.१६८.१.१, पण केबलवर फ्रेम सोडायची तर मॅक लागतो. तो माहीत नसेल तर लॅपटॉप सगळ्या खोलीला विचारतो. वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून बसलीस तर हे विचारणं स्क्रीनवर जवळजवळ माणसाच्या भाषेत दिसतं: ‘१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१.७ ला सांगा.’ लगेच खाली राउटरचं उत्तर: ‘तो अमुक मॅकपाशी आहे.’ याचं नाव एआरपी. एवढं झालं की फ्रेम निघते. तिच्यावर मॅक राउटरचा असतो आणि आत जे पॅकेट आहे त्यावर आयपी त्या दूरच्या सर्व्हरचा.

राउटर ती फ्रेम उलगडतो, आतलं पॅकेट काढतो, पुढचा मार्ग ठरवतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवी फ्रेम बनवतो. तिथून पुढचा राउटर, पुन्हा तेच. पॅकेटवरचा शेवटच्या मुक्कामाचा आयपी तोच राहतो, मॅक प्रत्येक टप्प्याला बदलतात. तुझ्या लॅपटॉपचा मॅक त्या सर्व्हरला कधीच दिसत नाही, तो लॅबच्या राउटरपाशीच संपतो. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एका पत्त्यावर पुढचं पाऊल ठरतं, दुसऱ्यावर शेवटचा मुक्काम.

वाटेत आयपी बदलत नाही, याला एक अपवाद तुझ्या घरीच आहे. तुमच्याकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते, तुझ्या मैत्रिणीकडे तेच, माझ्याकडेही तेच. ३२ बिटांत ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते बसतात, आणि ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच कळलं होतं. म्हणून काही पत्ते ‘घरात कुणीही वापरा, बाहेर चालणार नाहीत’ असे राखून ठेवले. आमच्या बँकेचे १० ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. बाहेर जाताना घरचा राउटर तुझा पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो, कुणाचं काय ते टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की परत बदलून तुला देतो. याला नॅट म्हणतात. तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. यावरचा उपाय म्हणजे आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा आहे, आणि त्याचा वापर करण्यात आपला देश जगात पुढच्या रांगेत आहे. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये अपूर्णविरामांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसेल, तो हाच.

नेटवर्कचं काम सात थरांत मांडणारं ओएसआय मॉडेल म्हणशील, तर ते परीक्षेसाठी पाठ कर. ते १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं, पण इंटरनेट चालतं ते त्याआधीच्या टीसीपी-आयपीवर, आणि त्यात पाचवा-सहावा थर वेगळा दाखवता येत नाही. कामावर मात्र लोक थरांच्या आकड्यांतच बोलतात. स्विचचं काम ‘लेयर टू’, राउटरचं ‘लेयर थ्री’. आणि वरिष्ठ माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लेयर वनचा: केबल बघितली का?

केबलकडे मुलं दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं थांबते. पुढच्या प्रॅक्टिकलला क्रिंपिंग टूल हातात येईल. आत आठ वायरी, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना फाकवलेली असते, ते बघून पुष्कळ जण ‘सोपं करतो’ म्हणून रंग शेजारी शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तसंच लावलं तर साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, कारण तार तर जुळलेली असते. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर जो सिग्नल जोडीने जायला हवा, तो आता दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या वायरींवरून जातो. पिळाचं काम असं की बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही वायरींवर सारखाच पडावा. पलीकडचं यंत्र दोहोंतला फरक वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो. पीळ चुकला की वजाबाकी चुकते. एका शाखेत काउंटरवरचा एकच कॉम्प्युटर दुपारी गर्दीच्या वेळी रखडायचा. टेस्टर सगळं ठीक सांगत होता. प्लग डोळ्यांजवळ धरून रंग वाचले तेव्हा हिरव्या-हिरव्या वायरी शेजारी सापडल्या. नवीन प्लग लावला आणि तक्रार थांबली. रंग नेहमी डोळ्यांनी वाच, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नकोस, आणि शंभर मीटरच्या पुढे ही केबल नेऊ नकोस.

आता मला ज्याचं खरं अप्रूप आहे तिकडे येते. आयपी कसलीही हमी देत नाही. पॅकेट पोचेल, नाही पोचणार, दोनदा पोचेल, मागचं पुढे पोचेल. राउटरच्या रांगेत जागा नसेल तर तो पॅकेट टाकून देतो. ही योजना मुद्दाम केलेली आहे. जुन्या टेलिफोनमध्ये बोलणं संपेपर्यंत अख्खा मार्ग तुमच्यासाठी अडवलेला असायचा. साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांना न विचारता, निरोप तुकड्यांत पाठवायची कल्पना मांडली. पॅकेट हा शब्द डेव्हिस यांचा. पुढे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्यासमोर प्रश्न होता की रेडिओचं, उपग्रहाचं, तारेचं अशी एकमेकांशी न जुळणारी नेटवर्कं जोडायची कशी. त्यांनी मधल्या नेटवर्ककडून कमीत कमी मागितलं, जमेल तेवढं पुढे ढकला, आणि जबाबदारी दोन्ही टोकांच्या यंत्रांवर टाकली. ती जबाबदारी म्हणजे टीसीपी. आधी तीन निरोपांत ओळख: बोलायचंय, ठीक आहे बोला, बरं बोलतो. मग प्रत्येक बाइटला क्रमांक, मिळाल्याची पोच, आणि पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा. यूडीपी यातलं काही करत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये दोन सेकंद उशिरा आलेला आवाज कुणाच्याच कामाचा नसतो, म्हणून तिथे तेच बरं. पोर्ट नंबर दोन्हींत असतो. एकाच यंत्रावर चाललेल्या अनेक प्रोग्रॅमपैकी हे कुणासाठी, ते त्यावरून कळतं. सुरक्षित वेबसाइटचा ४४३, डीएनएसचा ५३. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेटने टीसीपी-आयपी घेतलं.

आणि तीनच वर्षांनी घोटाळा झाला. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर ४०० यार्ड. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. केबल तुटलेली नव्हती, कुठलंही यंत्र बंद नव्हतं. रांगा भरल्या होत्या, पॅकेटं गळत होती, प्रत्येक यंत्र प्रामाणिकपणे पुन्हा पाठवत होतं, त्याने रांगा आणखी भरत होत्या. सगळ्या तारा तुडुंब आणि पोचत काही नाही. व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्याबरोबर यावर काम केलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडला. मध्ये कुणी नियंत्रक नेमायचा नाही, राउटरही बदलायचे नाहीत. पाठवणाऱ्यानेच पॅकेट गळलं तर समजायचं की पुढे गर्दी आहे, आणि आपला हात आखडायचा. सुरुवात थोडक्याने करायची, पोच येत गेली तशी मात्रा वाढवायची, गळती दिसली की कमी करायची, मग पुन्हा हळूहळू वाढवायची. पुढे या पद्धतीत सुधारणा झाल्या, पण एकमेकांना न ओळखणारी कोट्यवधी यंत्रं आजही असाच आपापला वेग आवरतात, म्हणून आपलं नेट चालतं. मोठी फाइल उतरवताना वेगाचा आलेख चढतो, एकदम पडतो, पुन्हा चढतो, तो कधी बघितला असशील. पडतो तेव्हा बहुधा तुझं यंत्र दुसऱ्या कुणाला तरी वाट देत असतं.

वेगावरून सांगते, तुझा दादा ‘दोनशे एमबीपीएस घेतलं तरी गेम अडकतो’ म्हणतो, तिथे तो दोन गोष्टी एक करतोय. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती माल जातो. लेटन्सी म्हणजे एक तुकडा जाऊन यायला किती वेळ लागतो. प्लॅन वाढवून पहिली वाढते. दुसरीला प्रकाशाची मर्यादा आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला निदान १२५ मिलिसेकंद, आणि समुद्रातला मार्ग सरळ नसतोच. वर्सोव्याच्या किनाऱ्याला ज्या केबली लागतात त्यांतल्या कित्येक अरबी समुद्र, तांबडा समुद्र अशा वळणांनी युरोपकडे जातात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या आणि इथे आपलं नेट मंदावलं. दादाला म्हणावं, गेमचा सर्व्हर मुंबईतला निवड, प्लॅनवर आणखी पैसे घालू नकोस.

‘नेट गेलंय’ हे वाक्य तू यापुढे असंच्या असं स्वीकारू नकोस. आधी पोर्टचा दिवा बघ. मग गेटवेला पिंग कर, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून बघ. तिथून उत्तर आलं तर खोलीतलं सगळं ठीक आहे. मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, ८.८.८.८ चालेल. तेही उत्तर देतंय आणि साइट मात्र उघडत नाही, तर बहुधा डीएनएस अडलं आहे, म्हणजे नावाचा आकडा करून देणारी व्यवस्था. एके काळी अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट सांभाळायचा. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ते काम वाटून दिलं: .इन चं .इन वाल्यांनी बघावं, त्याखालच्या नावाचं त्या नावाच्या मालकाने.

आपल्याकडे हे नेटवर्कचं तंत्र फार उशिरा आलं असं समजू नकोस. १९८६ मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर ईमेल सुरू झाली ती त्याच सुमाराला. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या सिलॅबसमध्ये बहुधा पुढच्या वर्षी येईल. इंटरनेट हे एक नेटवर्क नाही, हजारो स्वतंत्र नेटवर्कं आहेत, आणि ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं ती एकमेकांना बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलने सांगतात. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी आदेशावरून देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा मार्ग स्वतःकडे वळवला. ती घोषणा देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या एका कंपनीने ती पुढे जगाला दिली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची होती, ही /२४ ची. राउटरचा नियम असा की दोन ओळी जुळल्या तर ज्या ओळीत नेटवर्कचा भाग लांब, म्हणजे जी जास्त नेमकी, ती घ्यायची. त्यामुळे जगातल्या बऱ्याच भागातून यूट्यूबकडे निघालेली पॅकेटं साधारण दोन तास पाकिस्तानात जाऊन थांबत होती. यूट्यूबने उलट आणखी नेमकी, /२५ ची, घोषणा करून ती परत ओढली. बीजीपीची घोषणा खरी की खोटी हे सहीने पडताळण्याची सोय आता आली आहे, पण ती सगळीकडे लागलेली नाही. या क्षेत्रात जायचं मनात असेल तर तुझ्या पिढीसाठी इथे भरपूर काम शिल्लक आहे.

सबनेटिंगची पाच गणितं करून मला फोटो पाठव, त्यातलं एक तरी /२६ चं असू दे. सुट्टीत येशील तेव्हा लॅपटॉपवर वायरशार्क टाकून ये, आणि जुनी केबल व दहाएक प्लग घेऊन ये. टूल माझ्याकडे आहे. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या